नौकेवरील इलेक्ट्रॉनीय उपकरणांचा विद्युत् पुरवठा

लहान नौकेच्या मूळ बांधणीत नसलेली व पुढे गरजेनुसार बसविण्यात आलेली इलेक्ट्रॉनीय उपकरणे तिच्यावरील विद्युत् घटमालेस म्हणजे बॅटरीस जोडण्याची व्यवस्था. रेडिओ दूरध्वनी, समुद्राची खोली व माशांचे थवे दाखविणारा प्रतिध्वनी खोलीमापक, कृत्रिम उपग्रहांच्या साहाय्याने स्थान दाखविणारे जीपीएस उपकरण आणि नौकेची ओळख व स्थान आपोआप प्रसारित करणारी एआयएस प्रणाली ही यांतील प्रमुख उपकरणे होत. प्रस्तुत नोंदीत सु. ५ ते १५ मी. लांबीच्या मच्छीमारी, प्रवासी व क्रीडा नौकांचा विचार केला आहे.

घरातील विजेच्या जोडणीपेक्षा नौकेवरील जोडणी तीन बाबतींत वेगळी असते. पहिली बाब म्हणजे तिचा विद्युत् दाब १२ किंवा २४ व्होल्ट इतका कमी असतो. दाब कमी असल्याने तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह जास्त लागतो. उदा., ६० वॉटच्या दिव्यास २३० व्होल्ट दाबावर पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह पुरतो, तर १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतो. दुसरी बाब म्हणजे खारी हवा, पाणी आणि एंजिनाचे हादरे यांचा जोडणीवर अखंड परिणाम होत असतो. तिसरी व सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, बिघाड झाल्यास मदत मागण्याचे साधनही याच जोडणीवर अवलंबून असते. त्यामुळे उपकरण कोणते निवडले याइतकाच ते कोणत्या तारेने, कोठून व कसे जोडले हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

इतिहास : रेडिओ संदेशवहन प्रथम मोठ्या जहाजांवर आले. निर्वात नलिकांवर चालणाऱ्या जुन्या उपकरणांना उच्च दाब व पुष्कळ शक्ती लागत असल्याने लहान नौकांवर त्यांचा प्रसार मर्यादित राहिला. १९४७ मध्ये ट्रँझिस्टरचा शोध लागल्यानंतर अल्प दाबावर चालणारी आटोपशीर उपकरणे बनविणे हळूहळू शक्य झाले. जपानमध्ये १९४८ च्या सुमारास मासे शोधण्यासाठी प्रतिध्वनी यंत्राचा व्यवहारात उपयोग होऊ लागला. १९६० नंतर सिलिकॉन एकदिशकारक बसविलेले प्रत्यावर्ती जनित्र मोटारगाड्यांत व त्यामागून नौकांच्या एंजिनांवर आले आणि एंजिन मंद चालत असतानाही घटमाला भारित करणे सुलभ झाले. अमेरिकेची जीपीएस प्रणाली १९९५ मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाली. पुढे तिची ग्राही उपकरणे स्वस्त होत गेली व लहान होड्यांवरही दिसू लागली. अशा रीतीने दोन-तीन दिव्यांपुरत्या जोडणीवर एकामागून एक उपकरणांचा भार पडत गेला. मूळ तारा व सांधे मात्र पुष्कळदा तेच राहिले.

घटमाला : लहान नौकांवर प्रामुख्याने शिसे-अम्ल घटमाला वापरतात. तिच्या प्रत्येक घटाचा दाब सु. २·१ व्होल्ट असून सहा घटांची पूर्ण भारित घटमाला विश्रांत स्थितीत सु. १२·७ व्होल्ट दाब दाखविते. हा दाब सु. १२·२ व्होल्टपर्यंत उतरला म्हणजे तिच्यातील निम्मी वीज संपली असे समजतात. एंजिन चालू असून घटमाला भारित होत असताना दाब १४ व्होल्टच्या थोडा वर जातो. म्हणून १२ व्होल्टचे म्हटले जाणारे उपकरण प्रत्यक्षात बऱ्याच मोठ्या पल्ल्यातील दाब सहन करणारे असावे लागते.

एंजिन सुरू करणाऱ्या घटमालेकडून काही सेकंद शेकडो अँपिअर प्रवाहाची अपेक्षा असते, तर उपकरणांना अनेक तास थोडा प्रवाह लागतो. पहिल्या कामासाठीच्या घटमालेत पातळ व पुष्कळ पट्टिका, तर दुसऱ्या कामासाठीच्या घटमालेत जाड पट्टिका असतात. दोन्ही कामे एकाच घटमालेवर सोपविल्यास दोन अडचणी येतात. एंजिन सुरू करताना दाब क्षणभर १० व्होल्टच्या खाली जाऊन स्थाननिदर्शक बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि रात्रभर उपकरणे चालविल्यास सकाळी एंजिन सुरू होत नाही. यासाठी दोन स्वतंत्र घटमाला ठेवून त्या दाबसंवेदी रिलेच्या साहाय्याने केवळ भारित होत असतानाच एकमेकींस जोडणे ही पद्धत श्रेयस्कर आहे. रिलेऐवजी सिलिकॉनचा साधा द्विप्रस्थ वापरल्यास त्यात ०·६ ते ०·७ व्होल्ट दाब खर्ची पडतो आणि जनित्राच्या नियंत्रकात तेवढा फेरफार न केल्यास घटमाला कायम अर्धपोटी राहते.

भाराचा हिशेब : नवे उपकरण बसविण्यापूर्वी दिवसभरात लागणाऱ्या विजेचा अंदाज अँपिअर-तासांत करणे आवश्यक असते. उदाहरणादाखल २४ तासांची सफर घेतल्यास, १ अँपिअर प्रवाह घेणारा खोलीमापक १० तास चालल्यास १०, तेवढाच प्रवाह घेणारा नकाशासहित स्थाननिदर्शक दिवसरात्र चालल्यास २४, केवळ ऐकत असलेला रेडिओ दूरध्वनी ०·४ अँपिअर प्रमाणे सु. १०, एकूण पाव तास बोलण्यासाठी ६ अँपिअर प्रमाणे १·५, एआयएस ०·३ अँपिअर प्रमाणे सु. ७ आणि प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थांचे म्हणजे एलईडीचे मार्गदर्शक दिवे ०·५ अँपिअर प्रमाणे रात्रीच्या १२ तासांसाठी ६ अँपिअर-तास वीज घेतात. ही बेरीज ५९ च्या आसपास येते. शिसे-अम्ल घटमाला वारंवार निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून या नौकेस किमान १२० अँपिअर-तासांची घटमाला हवी.

याच नौकेवर प्रत्येकी २५ वॉटचे तीन तापदीप्त दिवे असते, तर त्या दिव्यांनाच एका रात्रीत ७५ अँपिअर-तास लागले असते. म्हणजे सर्व इलेक्ट्रॉनीय उपकरणांपेक्षा जुने दिवे अधिक वीज खातात. त्यामुळे मोठी घटमाला विकत घेण्यापूर्वी दिवे बदलणे पुष्कळदा अधिक फायद्याचे ठरते. ५० वॉटच्या सौर पट्टापासून निरभ्र दिवशी साधारणतः १२ ते १५ अँपिअर-तास मिळू शकतात. ही भर उपयुक्त असली, तरी वरील हिशेबात ती सु. एक-चतुर्थांशच आहे.

तारेतील दाबक्षय : तारेच्या रोधामुळे वाटेत खर्ची पडणाऱ्या दाबास दाबक्षय म्हणतात. तो काढताना घटमालेपासून उपकरणापर्यंतच्या अंतराची दुप्पट लांबी घ्यावी लागते, कारण प्रवाह जातो तितक्याच अंतरातून परत येतो. तांब्याच्या १ मी. लांब व १ चौ. मिमी. छेदाच्या तारेचा रोध सु. ०·०१७२ ओहम असतो. घटमालेपासून ६ मी. अंतरावरील रेडिओ दूरध्वनीस १·५ चौ. मिमी.ची तार वापरल्यास जाऊन-येऊन १२ मी. तारेचा रोध सु. ०·१४ ओहम होतो. गंजलेल्या एखाद्या सांध्याचा ०·१ ओहम रोध त्यात मिळविला, तर एकूण रोध ०·२४ ओहम होईल.

या जोडणीचा परिणाम फसवा असतो. रेडिओ केवळ ऐकत असताना ०·४ अँपिअर प्रवाहामुळे होणारा दाबक्षय ०·१ व्होल्टहून अधिक नसतो. घटमालेचा दाब १२·४ व्होल्ट असेल, तर उपकरणास १२·३ व्होल्ट मिळतात, पडदा उजळतो, आवाज स्वच्छ येतो व सर्व काही ठीक असल्याची मालकाची समजूत होते. परंतु बोलण्यासाठी बटण दाबताच २५ वॉटचा प्रेषक सु. ६ अँपिअर प्रवाह मागतो. दाबक्षय १·४ व्होल्टवर जातो आणि उपकरणास जेमतेम ११ व्होल्ट उरतात. पुष्कळ उपकरणे १३·८ व्होल्ट या अभिकल्पित मूल्याच्या १५ टक्के खाली म्हणजे ११·७ व्होल्टपर्यंतच नीट चालण्याची हमी देतात. त्याखाली प्रेषणाची शक्ती घटते किंवा उपकरण बंद पडून पुन्हा सुरू होते. म्हणजे ज्या क्षणी संकटाची हाक द्यावयाची, नेमक्या त्याच क्षणी ते निकामी होते. ४ चौ. मिमी.ची तार व निर्दोष सांधे असल्यास हाच दाबक्षय सु. ०·३ व्होल्ट होतो व उपकरणास १२ व्होल्टपेक्षा थोडा अधिक दाब मिळतो. ऐकू येते म्हणून बोलता येईलच असे नाही, हे या हिशेबाचे सार होय.

अमेरिकेतील १९५४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल या संस्थेच्या मानकाप्रमाणे रेडिओ, मार्गदर्शक दिवे यांसारख्या महत्त्वाच्या मंडलांत दाबक्षय ३ टक्क्यांपेक्षा व इतर मंडलांत १० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये. आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेने लहान नौकांवरील एकदिश व प्रत्यावर्ती अशा दोन्ही प्रवाहांच्या जोडणीसंबंधीचे नियम २०२० मध्ये १३२९७ या क्रमांकाच्या एकाच मानकात एकत्र केले.

वितळतार : १०० अँपिअर-तासांच्या शिसे-अम्ल घटमालेची दोन अग्रे जाड तारेने एकमेकांस भिडल्यास एक हजार अँपिअरहून अधिक प्रवाह वाहू शकतो. १२ व्होल्टचा दाब माणसास झटका देत नाही, म्हणून ही वीज निरुपद्रवी असल्याचा समज आहे. परंतु आवरण घासून अशा प्रकारचे शॉर्ट सर्किट झाल्यास बारीक तार काही सेकंदांत लाल होऊन पेट घेते. लाकडी वा काचतंतूच्या नौकेत याचा अर्थ उघड आहे.

वितळतार किंवा फ्यूज मुख्यतः तारेच्या रक्षणासाठी असते, उपकरणाच्या नव्हे. म्हणून ती घटमालेच्या धन अग्राजवळ असावी. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन मानकानुसार हे अंतर सर्वसाधारणपणे १८ सेंमी.पेक्षा अधिक असू नये. तार नळीत किंवा जादा आवरणात बंदिस्त असल्यास काही सवलत मिळते. वितळतार उपकरणाजवळच बसविल्यास घटमालेपासून तेथपर्यंतची सगळी तार असंरक्षित राहते. वितळतारेची क्षमता तारेस सुरक्षितपणे पेलेल इतक्या प्रवाहाहून कमी व उपकरणाच्या कमाल प्रवाहाहून थोडी अधिक ठेवतात. वारंवार वितळते म्हणून तिच्या जागी जाड तार गुंडाळणे हा आगीस आमंत्रण देणारा प्रकार होय.

प्रत्येक नव्या उपकरणासाठी घटमालेच्या अग्रावर एकावर एक तारा अडकविण्याऐवजी तेथून एकच जाड जोडतार कोरड्या जागेतील वितरण फलकापर्यंत न्यावी आणि तेथून प्रत्येक उपकरणास स्वतंत्र स्विच, वितळतार व दोन तारा द्याव्यात. नौकेच्या तळात साचणारे पाणी उपसणारा स्वयंचलित पंप हा या नियमास अपवाद आहे. नौका नांगरून मुख्य स्विच बंद केल्यानंतरही तो चालावा, यासाठी त्यास स्वतंत्र वितळतारेसह थेट घटमालेवरून पुरवठा देतात.

तारा व सांधे : एकपदरी तार हादऱ्यांनी थकून तुटते, म्हणून नौकेवर बारीक पदरांची लवचीक तार वापरतात. खाऱ्या दमट हवेत तांब्याच्या पदरांवर हिरवट गंज चढून तो आवरणाच्या आतून दूरवर पसरतो. पदरांना कथिलाचा मुलामा दिलेली तार त्यामुळे अधिक टिकते. टोकांवर तांब्याचे लग योग्य हत्याराने दाबून बसवितात व त्यावर उष्णतेने आकुंचन पावणारी, आतून चिकट पदार्थ असलेली नळी चढवितात. केवळ झाळकामावर विसंबलेला सांधा योग्य नसतो. झाळ जेथे संपते तेथे तार ताठर होऊन हादऱ्यांनी मोडते आणि जास्त प्रवाहाने तापल्यास झाळ वितळते. तारा दर अर्ध्या मीटराच्या आत आधारास बांधाव्यात. उपकरणात शिरण्यापूर्वी तारेस खाली झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी उपकरणात न जाता झोलावरून गळून पडते.

परतीचा मार्ग व गंज : मोटारगाडीत वाहनाचा पत्रा हाच प्रवाहाच्या परतीचा मार्ग असतो. नौकेवर ही पद्धत त्याज्य आहे. तेथे प्रत्येक उपकरणास धन व ऋण अशा दोन स्वतंत्र, निरोधक आवरण असलेल्या ताराच हव्यात. धातूच्या कायेतून किंवा तळातील खाऱ्या पाण्यातून प्रवाह वाहू लागल्यास जेथून तो धातू सोडून पाण्यात शिरतो तेथील धातू विरघळतो. विद्युत् विच्छेदनाच्या नियमांनुसार १ अँपिअर गळती प्रवाहामुळे दिवसाला सु. २५ ग्रॅ. लोखंड नाहीसे होऊ शकते. तळातील पाण्यात बुडालेल्या एखाद्या उघड्या सांध्यातून ०·१ अँपिअर गळत असला, तरी महिन्याभरात सु. ७५ ग्रॅ. धातू जातो. प्रचालक पंख्याचा दांडा किंवा पाणी आत घेणारी झडप यांसारख्या भागांच्या बाबतीत हे नुकसान नौका बुडण्यास कारणीभूत ठरू शकते. लाकडी नौकेत, ज्या धातूच्या भागात प्रवाह पाण्यातून परत शिरतो त्याच्याभोवती क्षार (अल्कली) तयार होऊन लाकूड मऊ पडते. त्यामुळे खिळे व बोल्ट शाबूत दिसले, तरी त्यांची पकड नाहीशी होते.

ऋण तारेचा सांधा सैल झाल्यास आणखी एक दोष उद्‌भवतो. प्रवाह आकाशकाच्या तारेवरील जाळीदार आवरणातून किंवा दोन उपकरणांना जोडणाऱ्या माहितीच्या तारेतून परतीची वाट काढतो. उपकरण चालू राहते, पण आवाजात खरखर येते किंवा स्थानाची माहिती रेडिओपर्यंत पोहोचत नाही. आधुनिक रेडिओतील संकटसूचनेच्या अंकीय संदेशात जीपीएसकडून मिळालेले स्थान आपोआप जात असल्याने हा दोष किरकोळ मानता येत नाही.

व्यत्यय व होकायंत्र : सरळ तारेतून ५ अँपिअर एकदिश प्रवाह वाहत असल्यास तिच्यापासून ३० सेंमी. अंतरावर सु. ३·३ मायक्रोटेस्ला चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. कोकण किनाऱ्यावर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सु. ३८ मायक्रोटेस्ला आहे. म्हणजे होकायंत्राजवळून अशी एकेरी तार गेल्यास प्रतिकूल स्थितीत सूची सु. ५ अंशांनी वळते आणि २० किमी. अंतर कापल्यावर नौका सु. पावणेदोन किमी. बाजूस जाते. धन व ऋण तारा एकमेकींभोवती पिळून नेल्यास त्यांची क्षेत्रे परस्परांना जवळजवळ नष्ट करतात. विजेच्या प्रवाहांमुळे चुंबकीय मापनात येणारा व्यत्यय महाराष्ट्रात फार पूर्वीच ध्यानी घेण्यात आला होता. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असल्याने कुलाबा येथील भूचुंबकीय निरीक्षणांसाठी अलिबाग हे ठिकाण निवडण्यात आले व तेथील वेधशाळेचे काम १९०४ मध्ये सुरू झाले.

रेडिओ कंप्रतांवरील व्यत्यय हा दुसरा प्रकार होय. काही एलईडी दिव्यांच्या नियंत्रक मंडलांतून निघणारे विद्युत् चुंबकीय तरंग रेडिओ व एआयएस यांच्या ग्रहणात अडथळा आणतात. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ऑगस्ट २०१८ मध्ये याविषयी सुरक्षा सूचना प्रसृत केली. याची परीक्षा सोपी आहे. दिवे बंद ठेवून रेडिओ शांत वाहिनीवर लावावा, पार्श्वभूमीची खरखर जेमतेम थांबेल इतके आवाजरोधक नियंत्रण फिरवावे आणि मग एकेक दिवा लावावा. खरखर पुन्हा सुरू झाल्यास तो दिवा दोषी समजावा.

देखभाल व परीक्षा : भारित होताना शिसे-अम्ल घटमालेतून हायड्रोजन बाहेर पडतो व हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेल्यास मिश्रण स्फोटक बनते. खारे पाणी घटात शिरल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. म्हणून घटमाला उंचावर, घट्ट बांधलेली व हवेशीर पेटीत असावी. पेट्रोलवर चालणाऱ्या नौकेत ठिणगी बाहेर पडणार नाही अशाच रचनेचे स्विच वापरावेत. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर जून व जुलैमधील मासेमारी बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढून ठेवतात. या काळात घटमाला न भारता ठेवल्यास पट्टिकांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण स्फटिक जमून तिची क्षमता कायमची घटते. ती उतरवून घरी न्यावी व महिन्यातून एकदा भारित करावी.

जोडणीची खरी परीक्षा भार असतानाच होते. रेडिओ पूर्ण शक्तीवर प्रेषण करीत असताना एकाच वेळी घटमालेच्या अग्रांवरील व उपकरणाच्या मागील बाजूचा दाब मोजावा. या चाचणीसाठी १६ क्रमांकाची संकट वाहिनी (१५६·८ मेगॅहर्ट्‌झ) वापरू नये. दोन्ही दाबांतील फरक ०·४ व्होल्टहून अधिक आढळल्यास तार किंवा सांधा सदोष समजावा. नुसत्या स्थिर दाबाच्या मापनातून हा दोष कळत नाही.

भारतातील परिस्थिती : २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर सागरी मार्गाने झालेल्या हल्ल्यानंतर मच्छीमारी नौकांची ओळख व मागोवा या प्रश्नास विशेष महत्त्व आले आणि २० मी.हून अधिक लांबीच्या नौकांना एआयएस सक्तीचे करण्यात आले. लहान नौकांसाठी उपग्रहाद्वारे दुतर्फा संदेश पाठविणारी उपकरणे पुढे विकसित झाली. १३ सागरी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील यांत्रिक व मोटार बसविलेल्या मच्छीमारी नौकांवर अशी एक लाख उपकरणे टप्प्याटप्प्याने बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. त्यामुळे नंतर जोडलेल्या उपकरणांच्या विद्युत् पुरवठ्याचा प्रश्न आता हौशी नौकानयनापुरता राहिलेला नाही.

जोडणी कितीही काटेकोर असली, तरी नौकेत पाणी शिरून घटमालाच बुडाल्यास तिच्यावरील सर्व उपकरणे एकदम मुकी होतात. कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रह प्रणालीसाठी ४०६ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर संकटसूचना देणाऱ्या तरत्या रेडिओ दीपात याच कारणासाठी किमान ४८ तास पुरेल अशी स्वतःची घटमाला असते. असे साधन अथवा निदान स्वतःच्या घटमालेवर चालणारा, पाण्यात खराब न होणारा हातातील रेडिओ जवळ असणे इष्ट होय.